चुकांची वही

मुलांनो, २२ एप्रिल २०२५ रोजी केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेचा निकाल लागला. देशभरातून १००९ उमेदवारांची निवड झाली. त्या यादीत १४२ व्या क्रमांकावर अदीबा अनम हे नाव होते. अदीबा अनम आपल्या यवतमाळच्या. त्यांचे वडील ऑटोरिक्षा चालवून घर चालवत. अदीबा यांचे शालेय शिक्षण जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत झाले. पुढे त्या पुण्याला गेल्या आणि इनामदार महाविद्यालयातून गणित विषय घेऊन पदवीधर झाल्या. मुंबईचे हज हाउस आणि दिल्लीचे जामिया मिल्लिया इस्लामिया या ठिकाणच्या मार्गदर्शन वर्गांत त्यांनी या परीक्षेची तयारी केली. महाराष्ट्रातील पहिल्या मुस्लिम महिला आय. ए. एस. अधिकारी म्हणून वृत्तपत्रांनी त्यांचे कौतुक केले.

ही बातमी तुम्ही वाचली असेल. घरी, शाळेत तिची चर्चाही झाली असेल. पण बातमीत एक लहानसे वाक्य होते, तिकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. अदीबा यांना हे यश चौथ्या प्रयत्नात मिळाले.

आता विचार करा. पहिल्या प्रयत्नात आणि चौथ्या प्रयत्नात परीक्षा तीच असते, अभ्यासक्रम जवळजवळ तोच असतो, परीक्षा देणारी व्यक्तीही तीच असते. मग गुण वाढतात कसे? 'मेहनत केली म्हणून' असे उत्तर तुम्ही चटकन द्याल. ते खोटे नाही; पण अपुरे आहे. पहिल्या प्रयत्नातही मेहनत केलेलीच असते. मेहनत कशावर करायची हे कसे ठरवावे, ते या पाठात पाहू या.

नागरी सेवा परीक्षा पदवीनंतरची आहे. तुमच्यापुढची पहिली मोठी परीक्षा त्याआधी, बारावीच्या वर्षी येईल. डॉक्टर व्हायचे असेल, तर नीट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. यवतमाळला १९८९ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याला पुसदचे सुपुत्र आणि माजी मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांचे नाव दिलेले आहे. तिथला प्रवेशही नीटच्या गुणांवरच होतो. अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र किंवा कृषी शाखेकडे जायचे असेल, तर राज्याची सी. ई. टी. असते. पुसद आणि यवतमाळ येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांत जाण्याची वाट या परीक्षेतून जाते.

आधी नीटचे स्वरूप समजून घेऊ. २०२५ च्या परीक्षेत १८० प्रश्न होते आणि वेळ १८० मिनिटे होता. भौतिकशास्त्राचे ४५, रसायनशास्त्राचे ४५ आणि जीवशास्त्राचे ९० प्रश्न. बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात, चुकीच्या उत्तराला १ गुण कापला जातो, सोडलेल्या प्रश्नाला शून्य. एकूण गुण ७२०.

समजा, दिग्रसच्या एका मुलीने घरी घड्याळ लावून सरावाची प्रश्नपत्रिका सोडवली. १०२ उत्तरे बरोबर आली, ६० चुकली आणि १८ प्रश्न तिने सोडून दिले. हिशेब करा. १०२ गुणिले ४ म्हणजे ४०८. त्यातून ६० वजा केले, की उरले ३४८. मुलगी हिरमुसली. वडील म्हणाले, ''अजून तीन तास जास्त बस.'' आई म्हणाली, ''आधीच रात्रीची झोपत नाही पोरगी!'' दोघांचेही बोलणे मायेचे होते. पण तिचे साठ गुण कुठे गळाले हे दोघांनाही माहीत नव्हते. खरे म्हणजे तिलाही माहीत नव्हते.

अशा वेळी बहुतेक मुले काय करतात? प्रश्नपत्रिका घडी करून ठेवून देतात आणि नवी आणतात. महिनाभरात दहा प्रश्नपत्रिका सोडवून होतात आणि गुण ३४० ते ३६० च्या मध्येच फिरत राहतात. शेतातल्या पाइपाला भोक पडले, तर आपण मोटार जास्त वेळ चालवतो का? आधी भोक शोधतो.

म्हणून त्या मुलीने एक साधी दोनशे पानी वही घेतली. चुकलेला प्रत्येक प्रश्न तिने पुन्हा वाचला आणि तो का चुकला ते एका ओळीत लिहिले. या कामाला तिला दोन दिवस लागले. साठ ओळी लिहून झाल्यावर तिने मोजले. २२ प्रश्नांमधला भाग तिला मुळीच येत नव्हता. १५ प्रश्नांचे तिने वाचलेले होते, पण आठवले नाही. ११ प्रश्न तिने नीट वाचले नव्हते. ८ ठिकाणी आकडेमोड चुकली होती आणि उरलेल्या ४ ठिकाणी उत्तर येत असून उत्तरपत्रिकेवर भलताच गोल काळा केला होता.

शेवटचे तीन आकडे मिळवा. ११, ८ आणि ४. म्हणजे २३ प्रश्न असे, की ज्यांचे ज्ञान तिच्याकडे होते आणि तरी गुण गेले! चुकीचे उत्तर बरोबर झाले, की गुण चारने नव्हे, पाचने वाढतात; कारण कापला जाणारा एक गुणही वाचतो. २३ पैकी निम्मे, म्हणजे १२ प्रश्न जरी सुधारले, तरी ६० गुण वाढले. ३४८ चे ४०८ झाले, तेही नवा धडा न वाचता. (परीक्षेचे नाव नीट आणि गुण जातात ते प्रश्न नीट न वाचल्यामुळे, ही गंमतच आहे.)

'नीट न वाचणे' म्हणजे काय, ते एका उदाहरणाने पाहू. ताशी ७२ किलोमीटर वेगाने धावणाऱ्या एस. टी. ला ब्रेक लावला. तिचा वेग दर सेकंदाला ४ मीटर प्रतिसेकंद या प्रमाणात कमी होत गेला, तर ती किती अंतरावर थांबेल? सूत्र सोपे आहे. वेगाचा वर्ग करायचा आणि त्याला मंदनाच्या दुपटीने भागायचे. घाईत मुलगा ७२ चा वर्ग करतो, ५१८४. त्याला ८ ने भागतो, ६४८. पर्यायांत पाहतो, तर ६४८ मीटर तिथे आहेच! तो खूश होऊन गोल काळा करतो. पण वेग ताशी किलोमीटरमध्ये दिला होता आणि मंदन मीटर व सेकंदांत. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर. २० चा वर्ग ४००, त्याला ८ ने भागले, ५० मीटर. हे बरोबर उत्तर.

६४८ हा आकडा पर्यायांत योगायोगाने आलेला नसतो. प्रश्न काढणाऱ्याला ठाऊक असते, की मुले इथेच चुकणार. म्हणून 'माझे उत्तर पर्यायांत सापडले' याचा अर्थ 'माझे उत्तर बरोबर आले' असा होत नाही. अशा वेळी एक क्षण थांबून स्वतःला विचारावे, दारव्हा रोडवर ब्रेक दाबल्यावर एस. टी. अर्ध्या किलोमीटरहून पुढे जाऊन थांबते का? तुम्ही एस. टी. ने रोज येता-जाता. उत्तर तुम्हाला माहीत आहे.

'बरोबर नाही ते विधान ओळखा' या प्रकारातही असेच होते. डोळे 'विधान ओळखा' वाचतात आणि 'नाही' सोडून देतात. त्या मुलीने यावर एक उपाय केला. असा शब्द दिसला, की त्याखाली पेनने रेघ ओढायची. तिच्या ११ चुकांपैकी बऱ्याचशा या एका रेघेने थांबल्या.

आता त्या १५ प्रश्नांकडे वळू, जे वाचलेले होते पण आठवले नाहीत. विसरणे हा काही गुन्हा नव्हे. हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन संशोधकाने या विषयावर स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ मध्ये ते प्रसिद्ध केले. अर्थ नसलेली अक्षरे तो पाठ करी आणि काही काळाने तीच पुन्हा पाठ करायला किती कमी वेळ लागतो ते मोजी. एका तासानंतर वेळेची बचत साधारण ४४ टक्के भरली, एका दिवसानंतर ३४ टक्के आणि एका महिन्यानंतर २१ टक्के. आकडे पुन्हा पाहा. सर्वांत मोठी गळती पहिल्या दिवशीच होते, नंतर ती मंदावते. म्हणजे आज वाचलेला धडा उद्या एकदा उजळला पाहिजे. पंधरा दिवसांनी तो उघडला, तर जवळजवळ नव्यानेच वाचावा लागेल.

उजळणी करायची म्हणजे पुन्हा वाचायचे का? इथे पुष्कळ जण फसतात. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या दोन अमेरिकन संशोधकांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्या गटाने तो एकदाच वाचला आणि नंतर तीन वेळा कागदावर, न पाहता, आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली, तेव्हा चार वेळा वाचणारे पुढे होते. ८३ टक्के विरुद्ध ७१ टक्के. पण आठवड्यानंतर घेतलेल्या चाचणीत चित्र उलटले. चार वेळा वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवले, तर लिहून काढणाऱ्यांना ६१ टक्के. पुन्हा पुन्हा वाचले, की मजकूर ओळखीचा होतो आणि आपल्याला वाटते, हे आपल्याला येते. ओळखीचे होणे वेगळे आणि न पाहता सांगता येणे वेगळे.

ही गोष्ट तुमच्यापैकी काहींना मुळीच नवी वाटणार नाही. तुमच्या घरात किंवा मोहल्ल्यात कोणी हाफिज असेल, तर त्याला विचारा. हिफ्ज करणारा मुलगा रोज नवा सबक घेतो, नुकताच झालेला भाग सबकी म्हणून ऐकवतो आणि जुना भाग मंजिल म्हणून रोज थोडा थोडा म्हणून दाखवतो. उस्तादांसमोर किताब उघडून वाचून चालत नाही. न पाहता म्हणावे लागते आणि अडखळले की तिथेच दुरुस्त करावे लागते. नवे, कालचे आणि जुने असे तीन भाग रोजच्या रोज! संशोधकांनी प्रयोग करून जे मांडले, ते या पद्धतीत कितीतरी आधीपासून चालत आले आहे. जीवशास्त्राचा धडाही असाच करता येतो. नव्या धड्याबरोबर कालच्या धड्याची आकृती न पाहता काढायची आणि मागच्या महिन्यातला एक धडा धाकट्या भावाला समजावून सांगायचा. त्याला काही कळले नाही तरी चालेल. तुम्ही कुठे अडखळलात ते तुम्हाला कळते.

राहिले ते २२ प्रश्न, जे मुळात येतच नव्हते. त्यांच्यासाठी मात्र पाठ्यपुस्तक उघडून बसण्याशिवाय उपाय नाही. फक्त २२ प्रश्न २२ धड्यांतले नसतात. त्या मुलीने पाहिले, तर त्यातले नऊ प्रश्न अकरावीच्या दोनच धड्यांतले निघाले. अकरावीचे वर्ष अनेक मुले आरामात घालवतात आणि बारावीत पश्चात्ताप करतात. सी. ई. टी. मध्ये अकरावीवर साधारण २० टक्के आणि बारावीवर ८० टक्के प्रश्न असतात, त्यामुळे तिथे थोडे निभावते. नीटमध्ये दोन्ही वर्षांचा अभ्यासक्रम सारखाच अंगावर येतो.

येत नसलेल्या प्रश्नाचे उत्तर अंदाजाने द्यावे का? या प्रश्नावर वर्गात नेहमी भांडण होते. आपण भांडण्याऐवजी गणित करू. चार पर्याय आहेत आणि तुम्ही डोळे मिटून एक निवडला. असे चार प्रश्न केले, तर सरासरीने एक बरोबर येईल आणि तीन चुकतील. नीटमध्ये ४ गुण मिळाले आणि ३ गेले. फायदा एका गुणाचा. नागरी सेवेच्या पूर्वपरीक्षेत चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या एकतृतीयांश गुण कापतात. तिथे सामान्य अध्ययनाच्या प्रश्नाला २ गुण असतात. एका बरोबर उत्तराचे २ मिळाले, तीन चुकांचे मिळून २ गेले. फायदा नाही, तोटाही नाही. सी. ई. टी. मध्ये गुण कापतच नाहीत. तिथे प्रश्न कोरा सोडणे म्हणजे निव्वळ नुकसान.

पण कागदावरचे गणित परीक्षेच्या खोलीत तसेच्या तसे उतरत नाही. अर्धवट माहिती असलेला मुलगा डोळे मिटून निवड करत नाही. तो ६४८ मीटरकडे ओढला जातो. त्यामुळे त्याचे अंदाज सरासरीपेक्षाही जास्त चुकतात. माझे मत विचाराल, तर चारपैकी दोन पर्याय खात्रीने खोडता आले, तरच नीटमध्ये उत्तर द्यावे. तशा दोन प्रश्नांत सरासरीने एक बरोबर येतो आणि ३ गुण पदरात पडतात. तुमचे अंदाज किती बरोबर येतात हे चुकांच्या वहीत मोजता येते. अंदाजाने दिलेल्या प्रश्नापुढे सरावाच्या वेळी एक टिंब द्या आणि नंतर तपासा. इतरांचे ऐकण्यापेक्षा आपली टिंबे मोजावीत.

सी. ई. टी. चा निकाल पाहताना आणखी एक गोंधळ होतो. ही परीक्षा संगणकावर, अनेक दिवस, वेगवेगळ्या सत्रांत होते. एखाद्या सत्राची प्रश्नपत्रिका थोडी सोपी, एखाद्याची अवघड. म्हणून निकाल टक्क्यांत न देता पर्सेंटाइलमध्ये देतात. तुमच्या सत्रात १०,००० जण बसले आणि त्यांपैकी ९,००० जणांचे गुण तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी असले, तर तुमचे पर्सेंटाइल ९०. याचा अर्थ तुम्हाला १०० पैकी ९० गुण मिळाले असा नाही. मोहल्ल्यात कोणी '९० मिळाले' म्हणून पेढे वाटले, तर पेढा जरूर खावा. पण घाबरून जाऊ नये.

वेळेचा हिशेबही ध्यानात ठेवा. सी. ई. टी. मध्ये भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात. एका प्रश्नाला ५४ सेकंद. गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुणांचे, त्यांनाही ९० मिनिटे. म्हणजे प्रत्येकी १०८ सेकंद. घड्याळ न लावता घरी सोडवलेली प्रश्नपत्रिका या कामी उपयोगाची नाही.

आता तुमच्या खास अडचणीबद्दल बोलू. तुम्ही दहावीपर्यंत उर्दूतून शिकता आणि अकरावी विज्ञानाची पुस्तके इंग्रजीत येतात. हुशार मुलगाही पहिले दोन महिने बावरतो. त्याला विषय येत असतो, शब्द येत नसतो. नीटची प्रश्नपत्रिका २०१८ पासून उर्दूतही मिळते. त्या पुस्तिकेत उर्दूसोबत इंग्रजी मजकूरही छापलेला असतो आणि भाषांतरात शंका आली, तर इंग्रजी मजकूर प्रमाण मानला जातो. सी. ई. टी. मध्ये भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र यांचे प्रश्न उर्दूत मिळू शकतात. गणिताचे फक्त इंग्रजीत. म्हणून वहीची शेवटची वीस पाने शब्दांसाठी ठेवा. उर्दूत कुव्वत, मराठीत बल, इंग्रजीत फोर्स. उर्दूत हरारत, मराठीत उष्णता, इंग्रजीत हीट. आठवीपासून रोज तीन शब्द लिहिले, तर अकरावीपर्यंत हजारांवर शब्द सहज होतात. मराठीचा शब्द कशाला, असे म्हणू नका. वणी किंवा उमरखेडच्या महाविद्यालयात शेजारी बसणारा मित्र मराठीतून शिकून आलेला असेल. तो तुम्हाला गणित समजावेल, तेव्हा 'बल' म्हणेल. आणि तुम्हाला मराठी फार परकी वाटू नये म्हणून सांगतो. हिशेब, मेहनत, कागद, तारीख, हजेरी हे शब्द मराठीत फारसी-अरबीतूनच आले आहेत.

एक गोष्ट लपवून उपयोग नाही. २०२५ ची नीट २२ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी दिली आणि देशभरातल्या एम. बी. बी. एस. च्या जागा सव्वा लाखाच्या आसपास होत्या. चांगला अभ्यास करूनही अनेकांना जागा मिळत नाही. पुन्हा एक वर्ष द्यायचे का, हा घरातल्या पैशांचाही प्रश्न असतो. कापसाला भाव मिळाला नाही, तर वर्गाची फी कुठून आणायची? यावर सर्वांना लागू पडेल असे उत्तर माझ्याजवळ नाही. पण चुकांची वही इथे उपयोगी पडते. सहा चाचण्यांच्या नोंदी समोर असतील आणि 'मुळीच येत नाही' हा आकडा २२ वरून ८ वर आला असेल, तर पुढच्या वर्षी गुण वाढण्याची आशा रास्त आहे. तो २२ च राहिला असेल, तर वर्ष घालवण्याआधी औषधनिर्माणशास्त्र, कृषी किंवा परिचर्या यांचाही विचार घरच्यांबरोबर बसून करावा. वडिलांना ही वही दाखवता येते. नुसती 'मी मेहनत करीन' ही कबुली दाखवता येत नाही.

झोपेबद्दल त्या मुलीच्या आईचे म्हणणे बरोबर होते. नीट मे महिन्यात, दुपारी असते. यवतमाळच्या त्या उन्हात रात्रभर जागलेला मुलगा तीन तास डोके शांत ठेवू शकत नाही, आणि आकडेमोडीच्या आठ चुकांपैकी पाच त्या मुलीने शेवटच्या अर्ध्या तासात केल्या होत्या. तिने मग सरावाची वेळ बदलली. रात्री दहाऐवजी दुपारी दोन वाजता, जी परीक्षेची वेळ तीच चाचणीची. पंखा बंद पडला तरी उठायचे नाही, असेही तिने ठरवले. पण पाण्याची बाटली जवळ ठेवली.

दुसऱ्या चाचणीत तिला ३७१ गुण मिळाले. भलताच गोल काळा करण्याच्या चार चुका होत्या, त्या शून्यावर आल्या. आकडेमोडीच्या मात्र आठच्या नऊ झाल्या. तिने वहीत तारीख घातली, खाली नऊ ओळी लिहिल्या आणि पहिल्या ओळीतले गणित पुन्हा सोडवायला घेतले.